मागे उरलेल्यांचा वकील

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत नागपूरच्या इतिहासावर एखादा लेख असावा, हे ओघानेच आले. भोसल्यांचे वाडे, सीताबर्डीचा किल्ला, १९२३ चा झेंडा सत्याग्रह, जुन्या मध्यप्रांताची राजधानी हे विषय आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत, आणि त्यांवर लिहिणारी अधिकारी मंडळीही आहेत. मी घेतलेला विषय वाड्या-किल्ल्यांइतका जुना नाही व वाचावयास सुखाचाही नाही. मोठी दुर्घटना घडून घरातील माणूस दगावले म्हणजे मागे उरलेल्यांची, विशेषतः त्या घरच्या स्त्रीची, बाजू न्यायाच्या दारात कोण मांडतो, हा तो विषय होय. मदतीचा धनादेश कोण देतो हा नव्हे. तो बहुधा कोणीतरी देतोच, आणि देतानाचे छायाचित्रही छापून येते. बाजू कोण मांडतो हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात उतरावयास आपल्या देशाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

सीताबर्डीला झिरो माईलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. तेथून आपण बाजाराला, कचेरीला, मुलांना आणावयास जातो-येतो. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचेच नाव दिलेले आहे. परंतु नाव रोज तोंडी असले म्हणजे हकीगत ठाऊक असतेच असे नाही. आणि नव्या सुनांना, लेकींना तर ती कोणी सांगितलेलीही नसते. म्हणून ती थोडक्यात सांगते.

१९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरावे असे ठरले. तेव्हापासून हिवाळा आणि मोर्चे यांची आपल्या शहरात सांगड पडली आहे. रस्ते बंद झाले म्हणून आपण कुरकुर करतो. परंतु खेड्यापाड्यांतील माणसाला सरकार डोळ्यांनी दिसण्याचे ते चार दिवस असतात. गोवारी समाज हा विदर्भातील गुरे राखणारा समाज. आपल्याकडे गावाची गुरे राखणाऱ्यास गायकी म्हणतात. दिवाळीला गायगोधनाच्या वेळी ढाल घेऊन नाचणारे तेच हे लोक. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती आपलीच नोंद आहे, आपणास त्या सवलती मिळाव्यात, एवढी त्यांची मागणी होती. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हजारोंच्या संख्येने ते नागपुरास आले. बायका, म्हातारी माणसे, कडेवर मुले, फडक्यात बांधलेली भाकर. मॉरिस कॉलेजच्या तिठ्यावर पोलिसांनी मोर्चा अडविला. निवेदन घ्यावयास कोणी मंत्री येईल म्हणून लोक दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी गडबड उडाली, लाठ्या चालल्या, मागून लोट आला, पुढे कठडे होते. ११४ माणसे चेंगरून मेली आणि पाचशेहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत स्त्रिया आणि मुले फार होती. धावता न येणारी माणसे प्रथम खाली पडतात.

यानंतर जे जे घडले त्याची यादी मोठी आहे. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पुढल्याच वर्षी राज्यात सरकार बदलले. १९९५ मध्ये गोवारींचा समावेश विशेष मागास प्रवर्गात झाला. न्यायमूर्ती दाणी यांचा एकसदस्य चौकशी आयोग नेमला गेला, आणि त्याने या मृत्यूंबद्दल कोणाला जबाबदार धरले नाही. जमातीच्या नोंदीचा वाद न्यायालयात गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. समाजाच्या दर्जाचा प्रश्न अशा रीतीने दिल्लीपर्यंत लढला गेला. मंत्र्याची खुर्ची, सरकारचे धोरण, जातीची नोंद या सर्वांचा हिशेब झाला. ज्या घरात चूल पेटविणारी बाई परत आली नाही त्या घराने ‘हे कसे झाले व कोणामुळे झाले’ असे विचारावयाचे ठिकाण मात्र एकच होते, ते म्हणजे चौकशी आयोग. म्हणून या आयोग नावाच्या वस्तूकडे जरा नीट पाहिले पाहिजे.

आपणा सामान्य माणसांस आयोग आणि न्यायालय यांतील भेद फारसा ठाऊक नसतो. दोन्हीकडे न्यायमूर्ती बसतात, साक्षी होतात, शपथा होतात. परंतु आयोग हा निकाल देत नाही. तो अहवाल देतो, आणि तोही ज्या सरकारने त्यास नेमले त्या सरकारला. अहवाल मान्य करणे वा न करणे सरकारच्या हाती. याचा मूळ कायदा १९५२ चा. पुण्याचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हाही याच कायद्याखाली चौकशी झाली. ती चौकशी चालू असताना न्यायमूर्ती बावडेकर यांनी मध्येच आपले जीवन संपविले व पुढे न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम पुरे केले. त्या वेळी पुण्याच्या पेठांतून हजारो कुटुंबे उघड्यावर आली. चौकशीत मात्र बहुतेक काळ धरणाचे अभियंते, त्यांची पत्रे व त्यांचे आराखडे यांचाच खल चालला होता. तांत्रिक चौकशीत ते अपरिहार्यही होते, हे मान्य केले पाहिजे.

१९७१ मध्ये या कायद्यात दोन कलमे घालण्यात आली. ज्याच्या वर्तनाची चौकशी व्हावयाची आहे किंवा ज्याच्या लौकिकाला आयोगाच्या कामाने बाध येण्याचा संभव आहे त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे पहिले कलम सांगते. दुसरे कलम सांगते की, सरकारला आणि अशा माणसाला वकील देता येईल, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येईल व आयोगापुढे भाषण करता येईल. मग जिचा नवरा किंवा मूल गेले ती? तिची साक्ष नोंदवून घेतली असेल, आणि आयोगाने परवानगी दिली, तर तिलाही वकील देता येईल. म्हणजे ज्याच्यावर ठपका येण्याचा संभव त्याचा हक्क, आणि जिच्या कपाळीचे कुंकू गेले तिला परवानगी. हे कोणी दुष्टपणे लिहिले असे मला वाटत नाही. आरोप येणाऱ्यास बोलू द्यावे हा न्यायाचा पहिला धडा आहे, आणि कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तोच होता. मागे उरलेली माणसे त्यांच्या डोळ्यांपुढे साक्षीदार म्हणून होती, पक्षकार म्हणून नव्हती. सारा फरक या दोन शब्दांत आहे. साक्षीदार विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. पक्षकार प्रश्न विचारतो.

आयोग सोडून सरळ दिवाणी न्यायालयात जावे, तर त्यासाठी वाट होती आणि ती फार जुनी होती. माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला, असा इंग्रजी कायद्याचा मूळचा दंडक. त्यामुळे एखाद्याच्या हयगयीने कोणाचा हात तुटला तर भरपाई, आणि जीव गेला तर काहीच नाही, असा उफराटा न्याय होता. १८५५ च्या प्राणघातक अपघातांविषयीच्या कायद्याने तो येथे बदलला. मृताची पत्नी, पती, आईबाप व मुले यांच्यासाठी दावा लावता येऊ लागला. (भाऊ-बहीण त्यात नाहीत. एकत्र कुटुंबाच्या देशात हा कायदा विलायतेहून आला, याची खूण तेथे राहून गेली आहे.) दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. आता खेड्यातील शोकाची दोन वर्षे कशी जातात हे भगिनींना सांगावयास नको. पहिले वर्ष तर वर्षश्राद्धापर्यंत कोणी कोर्टाचे नाव काढू देत नाही, आणि दुसरे वर्ष कर्ज फेडण्यात जाते.

शिवाय दावा म्हटला की कोर्ट-फी आली. जेवढी मागणी मोठी तेवढी फी मोठी. गरिबासाठी १९०८ च्या दिवाणी संहितेत नादार दाव्याची सोय होती. त्यात जी अट होती ती वाचण्यासारखी आहे: फी देण्याइतकी ऐपत नसली पाहिजे, आणि जेथे फी ठरलेली नाही तेथे अंगावरची आवश्यक वस्त्रे व दाव्याची वस्तू सोडून शंभर रुपयांचीही मालमत्ता नसली पाहिजे. अर्जासोबत आपल्याजवळच्या चीजवस्तूंची यादी द्यावयाची. म्हणजे आधी आपण भिकारी आहोत हे सिद्ध करावयाचे, मग न्याय मागावयाचा. १९७६ मध्ये ही रक्कम हजार रुपये झाली, आणि कायद्यातील ‘पॉपर’ हा शब्द जाऊन थोडा सभ्य शब्द आला. त्या दुरुस्तीपूर्वी नादारी मंजूर झाली तरी वकील पदरचाच पाहावा लागे.

या सर्वांत एक कायदा मात्र बायकांचा विचार करून केलेला दिसतो, तो १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा. एम्प्रेस मिल ज्यांनी पाहिली, तिचा भोंगा ज्यांनी ऐकला, त्या जुन्या नागपूरकर भगिनींच्या घरांतून हा कायदा ठाऊक असावयाचा. कामावर मजूर मेला तर मालकाने भरपाईची रक्कम विधवेच्या हाती परस्पर देऊन अंगठा घ्यावयाचा नाही; ती आयुक्ताकडे भरावयाची, आणि आयुक्ताने वारस पाहून वाटावयाची. परस्पर दिलेली रक्कम दिली असे कायदा धरीतच नाही. शंभर वर्षांपूर्वी कोणा अज्ञात मसुदाकाराला कळले होते की, दुःखात बुडालेल्या बाईकडून कोऱ्या कागदावर सही घेणे ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट आहे. ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पुढे चालू ठेवण्यात आली आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली येथील कोळशाच्या खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मेले. छिंदवाडा त्या वेळी मध्यप्रदेशात आणि नागपूर त्या मध्यप्रदेशाची राजधानी. तेव्हा अशा खाणीतील मृतांच्या विधवांना निदान हा एक कायदा तरी होता. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ जण गेले, त्यांत ६ स्त्रिया होत्या. तेथेही कामावरचा मृत्यू म्हणून वारसांच्या हक्काला कायद्याचा आधार आहे.

तशीच सोय मोटारीखाली मेलेल्याच्या वारसांची. १९५६ मध्ये मोटार कायद्यात दुरुस्ती होऊन त्यासाठी न्यायाधिकरणे स्थापण्याची तरतूद झाली. आगगाडीच्या अपघातांसाठी १९८७ च्या कायद्याने रेल्वे दावा न्यायाधिकरण आले आणि त्याचे एक पीठ नागपुरातच आहे. म्हणजे मनुष्य एस.टी.खाली आला तर जाण्याचे दार ठरलेले, आगगाडीत गेला तर ठरलेले, यंत्रात सापडला तर ठरलेले. मोर्चात चेंगरून मेला, यात्रेत तुडविला गेला, दवाखान्याच्या आगीत गुदमरला, तर ठरलेले दार नाही. तेथे दार शोधावे लागते, आणि शोधणाऱ्याला वकील लागतो.

आता त्या वकिलाची हकीगत. गरिबाला फुकट वकील मिळावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईला १९२४ च्या सुमारास काही सज्जनांनी लीगल एड सोसायटी काढली होती. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी पुढे १९७० नंतर गुजरातेत व मग साऱ्या देशात हेच काम हाती घेतले. बापाने मांडलेला डाव लेकाने पुरा करावा असे सरकारी समित्यांत क्वचित घडते. १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. १९७६ मध्ये बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीबद्दल पुष्कळ वाईट बोलले जाते, ते बहुतांशी रास्तही आहे. परंतु पैशावाचून कोणाचा न्याय अडू नये म्हणून राज्याने मोफत कायदेशीर साहाय्य द्यावे, हे कलम ३९ अ तिनेच घटनेत घातले. अखेर १९८७ मध्ये संसदेने विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा केला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणास मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, कारखान्यातील कामगार, तुरुंगातील माणूस. स्त्री आणि बालक. आणि एका निराळ्या खंडात: मोठी सामूहिक आपत्ती, जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक आपत्ती यांत सापडून, स्वतःचा काही दोष नसता विपन्नावस्थेत आलेली व्यक्ती.

हा खंड या कायद्यात आला तेव्हा भोपाळच्या वायुकांडाला तीनच वर्षे झाली होती. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर सरकारने १९८५ मध्ये एक कायदा करून साऱ्या पीडितांचे पालकत्व आपल्याकडे घेतले. एवढ्या गरीब माणसांनी अमेरिकन कंपनीशी कसे लढावे, सरकारच लढेल, हा विचार तेव्हा पुष्कळांना पटला. न्यूयॉर्कच्या न्यायालयात सरकारने दावा लावला, ३३० कोटी डॉलर मागितले; तेथील न्यायाधीशांनी १९८६ मध्ये खटला भारतात परत पाठविला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची माणसे मेली त्यांना त्या दिवशी कोणी काही विचारले नव्हते. त्याच वर्षी २२ डिसेंबरच्या निकालात न्यायालयाने सरकारचे पालकत्व वैध ठरविले, परंतु तडजोडीपूर्वी पीडितांचे ऐकून घ्यावयास हवे होते हेही कबूल केले. तडजोडीला ज्यांनी आव्हान दिले त्यांत भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटना होती. नावाप्रमाणेच ती बायकांची संघटना. १९८६ साली काम मिळावे म्हणून स्थापन झालेली. शिवणकामापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा तो प्रवास आपल्यासारख्या मंडळांनी अवश्य वाचावा. ऑक्टोबर १९९१ मध्ये रक्कम तीच राहिली, पण फौजदारी खटले बंद करण्याचा तडजोडीतील भाग न्यायालयाने रद्द केला. (कारखान्याच्या जमिनीत व आसपासच्या पाण्यात विष किती उरले याची तपासणी पुढे आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनेही केली.)

आता तारखा पाहा. कायदा १९८७ चा खरा, पण तो प्रत्यक्ष लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. मध्ये आठ वर्षे तो राजपत्रात पडून होता. गोवारींचा मोर्चा २३ नोव्हेंबर १९९४ चा. ज्या खंडात त्यांच्या विधवा, त्यांची पोरकी मुले शब्दशः बसतात, तो खंड वर्षाला चौदा दिवस कमी इतक्या उशिरा जिवंत झाला. त्यापूर्वी न्यायमूर्ती भगवतींच्या समितीच्या प्रयत्नाने राज्यांतून साहाय्याच्या योजना चालू होत्या, नाही असे नाही. परंतु योजना ही सरकारची मर्जी असते, आणि कायद्यातील कलम हा मागणाऱ्याचा हक्क असतो.

दुसरेही एक दार तोवर उघडले होते. ओरिसातील एका आईने, जिचा तरुण मुलगा पोलिसांच्या ताब्यात असताना मेला, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. मार्च १९९३ मध्ये निकाल लागला. सरकारी यंत्रणेमुळे जीवाचा मूलभूत हक्क हिरावला गेला असेल तर वरिष्ठ न्यायालय थेट सरकारला भरपाई द्यावयास लावू शकते असे ठरले, आणि तिला दीड लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. हा निकाल गोवारींच्या दुर्घटनेपूर्वी वीस महिने छापून आलेला होता. आपल्या उच्च न्यायालयाची इमारत आणि ते तिठ्यावरचे कठडे यांत पायी जाण्याइतकेच अंतर आहे. पण छापील निकाल आपल्या पायांनी चालत गायक्याच्या झोपडीपर्यंत जात नाही. तो कोणीतरी न्यावा लागतो. फुकट वकिलाचे मोल त्याच्या फीत नसून या नेण्यात आहे, असे मला वाटते.

वकील असल्याने काय होते याचे उदाहरण जमशेदपूरचे आहे. ज्या जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली त्यांच्या दीडशेव्या जयंतीचा समारंभ ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला होता. शामियान्याला आग लागली. ६० माणसे गेली, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले; नोकरदारांच्या घरची माणसे मिरवणूक पाहावयास बसलेली होती. आपली मुले गमावलेली एक आई थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने भरपाई ठरविण्याचे काम निवृत्त सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांना सांगितले. त्यांच्यापुढे आणि पुढे न्यायालयापुढे जो प्रश्न उभा राहिला तो आपल्या प्रत्येकीच्या घरचा आहे: मेलेली बाई नोकरी करीत नव्हती, मिळवीत नव्हती, मग तिच्या जाण्याने नुकसान किती झाले? चंद्रचूडांच्या हिशेबात गृहिणीच्या कामाची किंमत वर्षाला १२ हजार रुपये धरली होती. मृतांच्या बाजूने ती फार थोडी आहे असा युक्तिवाद झाला. १६ ऑगस्ट २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वर्षे वयाच्या गृहिणीच्या सेवेचे मोल कमीत कमी महिना ३ हजार, म्हणजे वर्षाला ३६ हजार रुपये धरले. त्याहून वडील स्त्रियांचे वर्षाला २० हजार. पुढच्या कितीतरी खटल्यांत हा निकाल पायरी म्हणून वापरला गेला. महिना तीन हजारांत आपली कोणी पहाटे पाच ते रात्री अकरा राबेल का, हा प्रश्न राहतोच. पण १२ चे ३६ झाले ते कोणीतरी उभे राहून ‘हे कमी आहे’ असे म्हटल्यामुळे. दयेच्या रकमेपुढे असे म्हणता येत नाही.

हा सानुग्रह मदत आणि भरपाई यांतला भेद भगिनींनी पक्का लक्षात ठेवावा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० तान्ही मुले गेली. राज्य सरकारने लगेच प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. त्वरेबद्दल दोष देण्यासारखे काही नाही. परंतु सानुग्रह याचा अर्थच कृपेने दिलेली. ती घेतली म्हणून हक्काची भरपाई मागण्याचे दार बंद होत नाही. मात्र ‘आता काही तक्रार नाही’ अशा अर्थाचा कागद कोणी पुढे केला तर तो वकिलाला दाखविल्यावाचून सही करू नये. बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी, अंगात ताप आणि पदराला दूध असताना, ही गोष्ट कोणत्या आईला सुचेल? ती शेजारणीला सुचली पाहिजे.

पुरात माणूस वाहून गेले तर निराळीच अडचण. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने आपल्या जिल्ह्यातील मोवाड गाव धुऊन नेले. २०४ माणसे गेली. पुराच्या पाण्यात प्रत्येकाचा देह हाती लागतोच असे नाही. देह नाही तर पंचनामा नाही, पंचनामा नाही तर मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर सातबाऱ्यावर वारसाचे नाव, बँकेतील पैसे, विम्याची रक्कम, काहीच हलत नाही. पुराव्याच्या कायद्यात सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे धरण्याची सर्वसाधारण रीत आहे. सात वर्षे ती बाई ना सवाशीण ना विधवा. अशा वेळी इतर पुराव्यावरून लवकर दाखला मिळविणे हे वकिलाचेच काम असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१० मध्ये आपद्ग्रस्तांसाठी जी योजना केली तीत हरवलेले कागद पुन्हा मिळवून देणे, दाखले काढून देणे ही कामेही घातलेली आहेत. न्यायालयात जाण्यापूर्वीचे हे कारकुनी काम वरवर क्षुल्लक दिसते, पण बहुतेक घरे तेथेच थकतात.

ज्या भगिनींच्या माहेरी वा सासरी, नात्यात वा आळीत, असा प्रसंग येईल त्यांच्या उपयोगासाठी इतके सांगून ठेवते. नागपूरचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात आहे. तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते, आणि उच्च न्यायालयातील कामासाठी खंडपीठाची निराळी. दूरध्वनीने विचारावयाचे तर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ती स्त्री आहे एवढे पुरे, श्रीमंत की गरीब हे कोणी विचारावयाचे नाही. वकील, कोर्ट-फी, नकलांचा खर्च हे सर्व त्यात येते, आणि खटला करावयाचा नसून नुसता सल्ला हवा असेल तर तोही येतो. जाताना शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांच्या पहिल्या खबरीची नकल, मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका यांतील जे हाती असेल ते न्यावे; नसेल तरी जावे. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. लिहून घेणे हे तेथील कर्मचाऱ्याचे काम आहे.